व्यसन सोडवायला किती पैसे लागतात? मुखेडकरांसाठी हिशोब

घरातलं कुणी दारूच्या, गांजाच्या किंवा एमडीच्या (मेफेड्रोनच्या) नादी लागलं की तीन सल्ले लगेच येतात: अमक्याचा ताईत बांधा, तमक्या गावची पुडी द्या, नाहीतर ‘पुण्याला टाका, लाखभर जाईल’. तिन्हींत पैसा चुकीच्या जागी जातो. सुरुवातीचा उपचार सरकारी दवाखान्यात जवळपास फुकट होतो. खरा खर्च त्यापुढच्या वर्षभराचा असतो आणि त्याचीच तजवीज कुणी करत नाही.

एमडी मुंबई-पुण्याचंच दुखणं आहे असंही समजू नका. एप्रिल २०२५ मध्ये शेजारच्या लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातल्या रोहिणा इथे एमडीचा कारखानाच सापडला. सुमारे ११ किलो माल जप्त झाला.

पहिला फोन: शून्य रुपये

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६, हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. काय घेतो, किती घेतो, किती वर्षांपासून आणि शेवटचं कधी घेतलं, हे कागदावर लिहून मगच फोन करा. जवळचं अनुदानित केंद्र कुठे आहे, तेही याच फोनवर विचारा.

दवाखाना

मुखेडचं उपजिल्हा रुग्णालय आणि नांदेडचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. या विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं असल्याने तिथे केसपेपरचे आणि काही तपासण्यांचे पैसे पडतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. मानसोपचाराच्या ओपीडीचा वार आधी विचारून निघा, नाहीतर खेप वाया जाते.

सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरून चहा बशीत सांडत असेल, तर त्या माणसाला खोलीत कोंडून दारू एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत फेफरं येऊ शकतं, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्यांची भेसळ असलेल्या शिंदीचंही तसंच. पहिला आठवडा डॉक्टरांच्या नजरेखालीच काढा.

जेवणातून चोरून गोळी देऊ नका. दारू सोडवण्याच्या काही गोळ्यांवर माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम खाली येतो. स्वस्तातली गोळी मग अतिदक्षता विभागाच्या बिलापर्यंत नेते.

प्रवास आणि बुडालेली मजुरी

एसटीत आई-बायकोला अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना मोफत. खरा फटका मजुरीचा. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये धरला, तर रुग्ण आणि सोबतचा माणूस मिळून दहा दिवसांत ६,२४० रुपये बुडतात. हा आकडा आधीच बाजूला काढा.

राहून उपचार

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांत उपचार मोफत असतात. खासगी केंद्रांचं महिन्याचं बिल बहुधा पाच आकडी असतं. पुण्याचं ‘मुक्तांगण’ डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. तिथला उपचार सुमारे पाच आठवड्यांचा असतो. शुल्क आणि सवलत फोनवरच विचारून घ्या.

पैसे भरण्याआधी कुठेही हे विचारा:

- मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ खालचा नोंदणी क्रमांक काय?
- मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात?
- औषधं आणि तपासण्या बिलात धरल्यात की वेगळ्या?
- घरच्यांना कधी भेटू देता?
- मध्येच घरी नेलं तर किती पैसे परत?

साखळदंडाने बांधणं याच २०१७ च्या कायद्याने सरळ बंद केलंय. ‘आमच्याकडे येऊन घेऊन जातो, बांधून ठेवतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

पोलिसांची भीती

गांजा, एमडीसारख्या पदार्थांची नशा करणं अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याखाली गुन्हा आहे. काही पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं.

पुढचं वर्ष

समजा, रोज १५० रुपये दारूत जात होते. वर्षाचे होतात ५४,७५०. त्यातूनच महिन्याच्या तपासणीच्या १२ खेपा, औषधं आणि मजुरीचा खाडा निघतो. औषधं जनऔषधी दुकानात विचारा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना फी नसते.

घरात तेवढंही नसेल तर गल्लीने उभं राहावं. मुक्तांगणही पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या एक लाखाच्या देणगीच्या बळावर उभं राहिलं. मुखेडच्या गणेश मंडळाने किंवा बचतगटाने व्यसनमुक्तीच्या फलकांवर खर्च करण्यापेक्षा एका घराच्या १२ खेपांचं तिकीट उचलावं. आणि माणूस मध्येच घसरला, तर नव्या केंद्रात नवी अनामत भरू नका. जुना केसपेपर घ्या आणि त्याच डॉक्टरकडे, त्याच आठवड्यात जा.