सहाव्या तासाची गाडी

कोल्हापूर,
५ ऑक्टोबर २०२५

चि. मैथिलीस,


तू पाठवलेली मोटरसायकलींची यादी मी दोनदा वाचली. इंजिन किती सीसीचं, ताकद किती, मीटर कसा, मोबाइल जोडता येतो का, सगळं तू नीट लिहिलं आहेस. तुझी उंची मात्र त्यात कुठेच नाही. पाच फूट दोन इंच. त्यामुळे मी यादी बाजूला ठेवली आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.

तुझ्या बाबाचा फोन आला होता. गाडी घ्यायची की नाही यावर तो पुन्हा बोलायला लागला, तेव्हा मी त्याला सांगितलं, दादा, तो विषय संपला, आता कोणती घ्यायची एवढंच राहिलं. तो गप्प बसला. म्हणून आता मला तुला नीट सांगायलाच हवं, कारण जबाबदारी माझ्यावर आली आहे.

आधी एक काम कर. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी राहा. जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक दोन पायांच्या मधून वर सरकवून घट्ट टेकव आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोज. तुझं माप ७२-७३ सेंटिमीटर येईल असा माझा अंदाज आहे. त्यात बुटाच्या तळव्याचे तीन धर. आता तुझ्या यादीतल्या सीटची उंची बघ. सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५ मिलिमीटर. हिमालयन ४५० ची ८२५, कमी उंचीची सीट बसवून घेतली तर ८०५. केटीएमची आधीची ३९० अ‍ॅडव्हेंचर तर ८५५. तू बसलीस की शॉकअप दोन-तीन सेंटिमीटर दबतो, तेवढा दिलासा मिळतो. पण सीट पुढून रुंद असेल तर पाय बाहेर फाकतात आणि मिळालेलं सगळं परत जातं. म्हणून आकडा वाचून थांबू नकोस. बूट घालून प्रत्येक गाडीवर बस, उजवा पाय ब्रेकवर ठेव, कंबर जराशी डावीकडे सरकव आणि डाव्या पायाचा चवडा पूर्ण टेकतो का ते बघ. दोन्ही पाय सपाट टेकायची गरज नाही. एक चवडा भक्कम टेकला की पुरे. नुसती बोटं टेकत असतील तर ती गाडी तुझी नाही, कितीही आवडली तरी.

दुकानात कोणी म्हणेल, ताई, आपण खाली करून देतो. लिंक बदलून गाडी खाली आणता येते हे खरं आहे. पण मग पोटाखालची जागा कमी होते, साइड स्टँड लांब पडतो आणि गाडी उभी केली की सरळ राहून पलीकडे कलायला बघते. कंपनीची कमी उंचीची सीट मिळत असेल तर ती घ्यायला हरकत नाही. तिचा फोम पातळ असतो आणि गुडघा जास्त दुमडतो, हे मात्र लक्षात ठेव.

उंचीपेक्षाही मला वजनाची जास्त काळजी आहे. व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलोची, हिमालयन ४५० ही १९६ किलोची. फरक २९ किलोचा. आपल्या स्वयंपाकघरातला भरलेला सिलिंडर साधारण तेवढाच भरतो, चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅस आणि बाकी लोखंड. तो सिलिंडर गाडीवर कायमचा बसला आहे असं समज. चालताना तो जाणवणार नाही. पेट्रोल पंपावर गाडी मागे घेताना, चढावर वळवताना, लॉजच्या अंगणातल्या वाळूतून ढकलताना दरवेळी जाणवेल.

२०१४ साली एका मैत्रिणीची उंच, जड गाडी मी आंबोलीला नेली होती. घाटाच्या जरा अलीकडे धुकं दाटलं म्हणून कडेला थांबले. डावा पाय टेकायला गेले, तर डांबराची कड संपून साइडपट्टी वीतभर खाली होती. पाय हवेत गेला आणि गाडी हळूच, अगदी सावकाश, माझ्या हातातून निघून आडवी झाली. मला काही लागलं नाही. पण ती मला उचलेना. वीस मिनिटं मी तिच्याशेजारी उभी होते. शेवटी एका एसटीच्या चालकाने गाडी थांबवली, कंडक्टरही उतरला आणि दोघांनी ती उभी करून दिली. त्या वीस मिनिटांत मला जे कळलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. एकटीने उचलता येत नाही ती गाडी घेऊन एकटीने लांब जायचं नाही.

उचलायची रीत मी नंतर शिकले, तीही लिहून ठेवते. इंजिन बंद कर. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढ, म्हणजे उभी करताना ती पलीकडे जाणार नाही. गाडी गिअरमध्ये असू दे. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळव. गाडीकडे पाठ करून सीटला कंबर लाव, एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्याने मागची कडी धर, पाठ ताठ ठेव आणि छोटी छोटी पावलं मागे टाकत जा. जोर मांड्यांतून आला पाहिजे, कमरेतून नाही. गाडी घेण्याआधी ओळखीच्या एखाद्याच्या गाडीवर, मऊ मातीत, हे दोनदा करून बघ.

आता आरामाचं. शोरूममध्ये बसल्यावर जी सीट गादीसारखी वाटते तीच तिसऱ्या तासाला छळते. मऊ फोम दबतो, बसायची दोन हाडं तळापर्यंत पोचतात आणि मग माणूस सारखा जागा बदलत राहतो. जरा कडक, पसरट सीट पहिल्या दहा मिनिटांत आवडत नाही, पण सहाव्या तासालाही ती तशीच असते. मला तुझ्यासाठी सहाव्या तासाची गाडी हवी आहे. पुण्याहून निघून ताम्हिणी उतरून तू दिवेआगरच्या पुढे पोचशील तेव्हा हात बधिर नसावेत, मान आखडलेली नसावी आणि समुद्र बघायची इच्छा शिल्लक असावी.

हात बधिर होतात ते इंजिनच्या थरथरीने आणि हँडलवर भार टाकून बसण्याने. एका सिलिंडरची गाडी थरथरणारच. ती कोणत्या वेगाला थरथरते हे महत्त्वाचं. काही ताशी ८० ला शांत असतात आणि ९५ ला मुठी, आरसे, फूटरेस्ट सगळं झिणझिण्या मारायला लागतं. तू ज्या वेगाने तासन्‌तास जाणार आहेस तो वेग गाडीला सुखाचा असला पाहिजे. भार टाळायचा तर पाठ सरळ आणि कोपर किंचित वाकलेलं राहील एवढं हँडल जवळ हवं. नंतर फूटरेस्टवर उभी राहून बघ. उभं राहिल्यावर कमरेत वाकावं लागत असेल तर खराब रस्त्यावर तू उभी राहणार नाहीस आणि सगळे दणके मणक्यात घेशील.

वाऱ्याचं कोणी सांगत नाही. समोरची काच छोटी असेल तर वारा छातीवर येतो, ते सोसतं. काच अशा उंचीची असेल की वारा तिच्या कडेवरून उसळून नेमका हेल्मेटवर आदळतो, तर डोकं दिवसभर हलत राहतं आणि संध्याकाळी मान धरते. तुझ्या उंचीला कोणती काच कशी वागते हे फक्त तुझ्या डोक्यालाच कळणार.

हे सगळं शोरूमच्या दोन किलोमीटरच्या फेरीत कळत नाही. म्हणून यादीतल्या ज्या दोन गाड्यांवर पाय टेकेल त्या एकेक करून दोन दिवस भाड्याने घे. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाड्या पुण्यात मिळतात, गोव्यातही मिळतात. एक दिवस सलग सहा तास चालव. थोडे पैसे जातील, पण लाखोंचा निर्णय चुकणार नाही.

आता तू लिहिलंस की महामार्गावर १३० ला सहज जाणारी हवी. का गं? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. उरलेल्या चौपदरी रस्त्यांवर केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८०. आपले रस्ते म्हणजे वरंधा, अणुस्कुरा, फोंडा, किनाऱ्याचा सागरी मार्ग आणि मधल्या खाड्या. वेश्वीला, दाभोळला, जयगडला जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी चढवायची असते. समोर ओला लोखंडी उतार, मागे जीप, शेजारी मासळीच्या टोपल्या. तिथे चाळीस अश्वशक्ती कामाला येत नाही, टेकलेला पाय येतो.

लडाखसाठी मोठं इंजिन हवं, हे तुझं म्हणणं मी टाळणार नाही, ते खरं आहे. तांगलांग ला पाच हजार तीनशे मीटरच्या वर आहे. तिथे हवा इतकी विरळ की इंजिनची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण सांभाळतं, पण नसलेला प्राणवायू आणणार कुठून? सामान लादलेली लहान गाडी तिथे पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढते. पण चढते. २०१८ मध्ये मी मनालीहून गेले तेव्हा अटल बोगदा व्हायचा होता, रोहतांग ओलांडून जावं लागायचं. रस्त्यात स्कूटरवर आलेले दोघं भेटले होते. तेही लेहला पोचले, आमच्यानंतर अर्ध्या दिवसाने.

टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी होती. त्या पाटीखाली उभं राहून टाकीचा हिशेब करायचा नसतो, तो गाडी घेतानाच करायचा. चढावर, खालच्या गिअरमध्ये लिटरला २५ किलोमीटर धर. १७ लिटरची टाकी ४२५ जाईल. १२ लिटरची ३०० वर संपेल, म्हणजे पाच लिटरचा कॅन आलाच. इकडे महाराष्ट्रात हा प्रश्नच नाही. पण वर्षातल्या पंधरा दिवसांसाठी उरलेले साडेतीनशे दिवस जड गाडी का ढकलायची, याचा विचार कर. लेहमध्ये भाड्याने मोठी गाडी मिळते. विमानाने जा, दोन-तीन दिवस शरीराला त्या उंचीची सवय होऊ दे आणि मग चालव. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं. तुला घरापासून स्वतःच्या गाडीनेच जायचं असेल, तर ती ओढ मला समजते. मग हिमालयन ४५० कमी उंचीच्या सीटसह घे आणि मनालीला जायच्या आधी वर्षभर सह्याद्रीत चालव.

चाकांचं थोडक्यात. पुढचं चाक २१ इंची असेल तर खड्ड्यावरून सहज लोळत जातं, १९ इंची डांबरी वळणावर चपळ वाटतं. आपल्या घाटांना १९ पुरतं. तारांच्या चाकात ट्यूब असेल तर पंक्चर काढायला चाक उतरवावं लागतं, आणि २१ इंची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे असेलच असं नाही, ती आपल्या पिशवीत असावी. ट्यूबलेस असेल तर पंक्चर बुजवायच्या वाती आणि छोटा पंप ठेव. वात भरायला आधी घरी शीक.

सामान दोन्ही अंगांना, खाली, सीटच्या जवळ बांध. मागच्या उंच पेटीत जड काही ठेवू नकोस. मागच्या चाकाच्याही पाठीमागे वजन गेलं की हँडल हलकं होतं आणि घाटाच्या वळणावर गाडी ऐकत नाही.

पैशाचं तूच बघशील, पण एक ध्यानात घे. २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे आणि त्यावरच्यांना ४० टक्के लागला आहे. अडीचशेची गाडी घेतलीस तर बरीच रक्कम वाचेल. ती साठवू नकोस. आयएसआय शिक्का असलेलं, डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट, खांद्या-कोपराला गादी असलेलं जॅकेट, घोट्याच्या वर येणारे बूट आणि हातमोजे, हे सगळं त्यात येईल. यातली एकही गोष्ट ‘पुढच्या महिन्यात’ वर टाकलीस तर मी रागावेन.

मला विचारशील तर व्ही-स्ट्रॉम एसएक्सवर आधी बस. सीट उंच आहे, पण हलकी आहे, आणि एक चवडा टेकत असेल तर उंचीची बाकी अडचण सरावाने सुटते, वजनाची सुटत नाही. चवडा टेकला नाही तर जुनी हिमालयन ४११ वापरलेली मिळते का बघू. तिची सीट ८०० मिलिमीटर आहे. जड आहे, पण वजन खाली आहे. माझा ओळखीचा फिटर तिचं इंजिन ऐकून सांगेल.

दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढ. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा उतरू, कणकवलीला जेवू आणि संध्याकाळपर्यंत परत वर येऊ. माझी गाडी तू चालव, मी मागे बसते. कुठे पाय टेकायला त्रास होतो ते मला मागून दिसेल. बाबाच्या जुन्या चपलांवर येऊ नकोस, बूट घेऊन ये.

तुझी,
आत्या