वेटिंगवर असलेल्या मुलाच्या आई-बाबांशी

पाचगणीच्या शाळेची मेल आली. प्रवेश मिळाला असं त्यात नाही, नाकारला असंही नाही. नाव वेटिंग लिस्टवर आहे, जागा झाली तर कळवू, एवढंच. अशी मेल हातात घेऊन वाशी-नेरूळ-खारघरचे आई-बाबा उन्हाळ्यात माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : 'आमचा मुलगा नेमका कुठं कमी पडला?'

बहुधा कुठंच नाही. आपल्या इथल्या शाळेत एका वर्गात दोन मुलं जास्त झाली तर एक बाक वाढवून भागतं. निवासी शाळेत खाट लागते. तीही त्याच वयाच्या मुलांच्या हॉलमध्ये, आणि मुलांची मुलांकडे, मुलींची मुलींकडे. शाळेचे मुख्य प्रवेश एखाद-दुसऱ्या इयत्तेतच होतात. मधल्या वर्गांत जेवढी मुलं सोडून जातील तेवढ्याच जागा. म्हणजे सहावीच्या मुलींच्या चार जागा रिकाम्या असतील आणि तुमच्या मुलासाठी एकही नसेल, असं सहज होतं. रेल्वेच्या वेटिंगला निदान नंबर तरी असतो. इथं पुष्कळदा तोही सांगत नाहीत, कारण भावंडं आधीच शाळेत आहेत का, कोणत्या वर्गात किती मुलं-मुली आहेत, असं बरंच काही पाहून नाव उचललं जातं. साताऱ्याच्या सैनिक शाळेचं वेगळं. १९६१ साली सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. तिथं लेखी परीक्षेचे गुण, राखीव जागा, वैद्यकीय तपासणी, सगळं जाहीर नियमांनी चालतं. खासगी शाळेत तसा हिशेब आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण तो मुलाच्या कपाळावर शोधतो.

शाळेला फोन जरूर करा, पण रोज नको. 'नंबर किती?' यापेक्षा 'या इयत्तेत मुलांच्या गेल्या वर्षी किती जागा उशिरा सुटल्या?' हे विचारा. जागा सुटतात त्या साधारण दोन वेळा. एकदा फी भरायची शेवटची तारीख उलटते तेव्हा. आणि दुसऱ्यांदा शाळा सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, एखादं मूल रडून रडून घरी परत येतं तेव्हा. तुमच्या वाट्याला येणारी खाट कदाचित अशाच एखाद्या मुलाची असेल. हे ऐकून आई-बाबा जरा गप्प होतात, व्हायलाच हवं.

याच दिवसांत एखादा 'ओळखीचा' माणूसही फोन करतो. मॅनेजमेंटशी बोलणं झालंय, थोडं डोनेशन द्यावं लागेल, पावती मिळणार नाही. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा १९८७ पासून आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तिला मनाई आहे, आणि घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. ते राहू द्या. पैसे देऊन घेतलेली जागा मुलाला पुढं नकोशी झाली, तर त्याला तसं बोलायची सोय राहत नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

आता खरं बोलायचं ते मुलाबद्दल. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला सगळं कळतं. तुम्ही बाल्कनीत जाऊन फोन घेता, आजीला 'अजून काही नाही' असं दबक्या आवाजात सांगता, नव्या वर्षाची पुस्तकं घ्यायचं टाळता. त्याला कुणीच काही सांगत नाही, म्हणून तो आपल्या मनानं अर्थ लावतो. मुलाखतीत मी चुकीचं बोललो. किंवा याहून वाईट, आई-बाबांना मी घरात नकोय. 'अभ्यास कर, नाहीतर बोर्डिंगात टाकीन' हे वाक्य आपल्यापैकी किती घरांत बोललं गेलंय, आठवून पाहा. वर २००७ चा 'तारे जमीन पर' त्यानं टीव्हीवर पाहिलेला असतोच. त्यातली निवासी शाळा पाचगणीच्याच न्यू एरा हायस्कूलमध्ये चित्रित झाली होती, हे ठाऊक असो वा नसो, घरापासून तोडलेलं ते पोर त्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं.

म्हणून त्याला मेल वाचून दाखवा. 'शाळेत आत्ता जागा नाही. झाली तर ते फोन करतील, नाही तर नाही. फोन आला की आधी तुला विचारू.' एवढं पुरे. आणि मग खरोखर विचारा. शेवटचं वाक्य नुसतं बोलण्यापुरतं असेल तर बोलूच नका. 'जागा मिळाली नाही तर तुला बरं वाटेल का?' हा प्रश्न मी मुलांना विचारते तेव्हा पुष्कळ जण आधी आईकडे बघतात. (दहाच्या आतल्या मुलांना पाठवायच्या मी सहसा बाजूनं नसते, हेही सांगून टाकते. घरची अडचण असेल तर गोष्ट वेगळी.)

नवी मुंबईत साताऱ्याकडची घरं खूप. कोपरखैरणे, कामोठ्याकडं तर गल्लीगल्लीत पाटण-वाईचे लोक भेटतात. वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून आलेल्यांची पुढची पिढी आता आपल्या मुलांसाठी पाचगणीची स्वप्नं बघते. आजी-आजोबा वाईला आहेत, पसरणीचा घाट चढला की शाळा, स्थानिक पालक म्हणून त्यांचं नाव देता येतं. ही मोठी सोय आहे. पण त्यामुळंच प्रवेशाची बातमी गावभर आधी पोचलेली असते, आणि वेटिंगचा खुलासा मुलालाच प्रत्येक काकाला द्यावा लागतो. तो तुम्ही द्या.

काही रोखठोक गोष्टी. सध्याच्या शाळेची पुढच्या वर्षाची फी भरून टाका, पहिला हप्ता बुडाला तरी चालेल. निवासी शाळेचं लेखी पत्र हातात पडेपर्यंत दाखला काढू नका; काढलात आणि तिकडं काही झालं नाही, तर आहे त्याच शाळेत नव्यानं उभं राहावं लागेल. मूल नववीत जाणार असेल तर जास्तच सांभाळा, कारण दहावीच्या परीक्षेसाठी सीबीएसई आणि आयसीएसई या दोन्ही बोर्डांची नोंदणी नववीतच होते. त्याचा तबल्याचा क्लास, फुटबॉलचं कोचिंग 'आता जाणारच आहे' म्हणून बंद केलं असेल तर परत चालू करा. वर्गातल्या मित्रांना निरोप द्यायची पार्टीही आत्ता नको. ती दिली आणि जूनमध्ये तो पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसला, तर पहिल्याच दिवशी त्याची काय गत होते, ते मी पाहिलंय.

आणि एक तारीख तुम्हीच ठरवा. शाळा सांगेल तेव्हा थांबायचं असं ठेवलंत, तर जुलै-ऑगस्टपर्यंत घर टांगणीला लागतं. इथली पहिली चाचणी होईपर्यंत फोन आला तर विचार करू, नंतर आला तर यंदा नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, असं कॅलेंडरवर लिहून ठेवा, मुलाच्या देखत. त्या तारखेनंतर शाळेचा फोन आला आणि मुलगा म्हणाला 'मला जायचंय', तर मात्र ती तारीख खुशाल मोडा. बाकी कुणी सांगितलं म्हणून मोडू नका.