वनहक्क दाव्यासाठी मोफत नकाशे : कोठे शोधावेत, कसे वाचावेत



वनहक्क कायद्याखालील वैयक्तिक दाव्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख कळीची आहे. त्या दिवसापूर्वीपासून जमीन कसत होतो, हे दावेदाराला दाखवावे लागते. ‘उपग्रहाच्या चित्रात तुमची शेती दिसत नाही’ एवढे ऐकले की आपली माणसे गप्प बसतात. पण ती चित्रे आपल्यालाही फुकट पाहता येतात, तपासता येतात. शिबिरात मी ज्या क्रमाने शिकवतो, तोच क्रम येथे देतो.

१. आधी पाड्याचा नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन नकाशांच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मोफत उतरवून घेता येतात. त्यात दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. ओढा, टेकडी, पायवाट ओळखून त्यावर आपली बोलीतली नावे लिहा. हे काम म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवूनच करावे.

२. मग आजचे चित्र. इस्रोचे ‘भुवन’ आणि संगणकावरचे ‘गूगल अर्थ प्रो’ दोन्ही मोफत आहेत. गूगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाच्या खुणेवर दाबले की त्या जागेची जुनी चित्रे तारखेनुसार उघडतात. किती मागे जाता येईल, हे प्रत्येक गावासाठी वेगळे असते.

३. आता २००५ कडे. अमेरिकेच्या ‘अर्थ एक्सप्लोरर’ या संकेतस्थळावर लँडसॅट उपग्रहांची जुनी चित्रे आहेत. २००८ पासून ती सर्वांना मोफत खुली आहेत. लँडसॅट ७ मध्ये मे २००३ अखेर बिघाड झाला. तेव्हापासून त्याच्या चित्रांत काळे पट्टे येतात आणि पट्ट्याखाली काहीच दिसत नाही. म्हणून लँडसॅट ५ चे चित्र आधी शोधावे. ते न मिळाल्यास ७ ची दोन-तीन तारखांची चित्रे शेजारी ठेवावीत. पट्टे थोडे सरकलेले असतात.

महिनाही पाहावा. पावसाळ्यात ढग असतात. उन्हाळ्यात सागाची पाने गळतात, मग जंगल आणि मोकळे शेत सारखेच दिसते. नागली-वरई कापून झाल्यावर, पण जंगल हिरवे असतानाचे, म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरचे चित्र उत्तम.

४. चित्राची ताकद मोजा. लँडसॅटच्या चित्रातला सर्वांत लहान चौकोन ३० मीटर बाय ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटरचा असतो. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणजे एका चौकोनात जवळजवळ नऊ गुंठे. अर्ध्या एकराचा, वीस गुंठ्यांचा तुकडा तेथे जेमतेम दोन चौकोनांत बसतो. बांधावर मोह, आंबा, साग राखलेला असेल, तर त्या चौकोनात झाड आणि शेत यांचा रंग मिसळतो. अशा चित्रात शेत ‘न दिसणे’ म्हणजे शेत ‘नसणे’ नव्हे. सेंटिनेल-२ या उपग्रहाचा चौकोन १० मीटरचा, म्हणजे सुमारे एक गुंठ्याचा आहे. पण तो २०१५ साली सोडला, त्यामुळे २००५ साठी उपयोगाचा नाही.

५. नियम काय म्हणतो? २०१२ च्या सुधारित नियमांनुसार उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक आहे. त्यांच्या जागी तोच एकमेव पुरावा धरता येत नाही. दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी सरकारी कागदपत्रे, बांध, विहीर यांसारख्या जमिनीवरच्या खुणा हेही पुरावेच आहेत. त्यांपैकी एकाहून अधिक विचारात घ्यावेत, असे नियम सांगतात.

म्हणून कोणी चित्र पुढे केले तर तीन प्रश्न नम्रपणे, पण लेखी विचारा : चित्र कोणत्या उपग्रहाचे? कोणत्या तारखेचे? त्यातला एक चौकोन किती मीटरचा? उत्तर दाव्याच्या कागदांना जोडून ठेवा.

स्वाध्याय : पुढील अंक येईपर्यंत आपल्या वनहक्क समितीसोबत एका दाव्याचे शेत निवडा. मोबाइलवर चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घ्या, गूगल अर्थ प्रोमध्ये भरा आणि तेथले सर्वांत जुने स्पष्ट चित्र तारखेसह छापून ग्रामसभेत दाखवा. गावाने ओळखलेली प्रत्येक खूण त्या कागदावरच लिहून घ्या.