एकदांडी, अथवा दगडी पाला

ज्या माळावर कुसळी गवतहि वाळून गेलें आहे, अशा ठिकाणीं एक लहानशी वनस्पति हिरवी राहून फुलत असते, हें आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. तिला कोणी एकदांडी म्हणतात, कोणी दगडी पाला, तर कोणी कंबरमोडी. शास्त्रांत तिचें नांव ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स असें असून तें लिनियस नामक स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं दिलें. ह्या धड्याकरितां वाचकानें तिचें एक फूल दांडीसकट तोडून हातीं घ्यावें. नुसतें वाचून ह्यांतील अर्धेंहि ध्यानांत यावयाचें नाहीं.

प्रथम दांडी पाहा. ती वीतभर उंच, केसाळ व बिनपानांची असून टोंकाला एकच फूल असतें, म्हणून एकदांडी. आतां तें फूल नखानें उकला. ज्याला आपण एक फूल म्हणत आलों, तें एक नव्हेच. ती फुलांची मंडळी आहे. कडेला फिकट पिवळ्या किंवा पांढुरक्या चार-पांच पाकळ्या दिसतात. त्यांतील प्रत्येक पाकळी हें एक स्वतंत्र फूल आहे, आणि तिच्या टोंकाला तीन दाते असतात. मधला पिवळा गड्डा म्हणजे दाटीनें बसलेलीं पुष्कळ नळीसारखीं फुलें होत. कडेच्या फुलांना पुंकेसर नसतात. मधल्यांना पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. बीं मात्र दोहोंपासून धरतें. सूर्यफूल, शेवंती, करडई व कारळा हीं ह्याच कुळांतलीं. ज्यांची नजर अधू असेल त्यांनीं हाच पाठ सूर्यफुलावर शिकावा, तेथें सर्व कांहीं मोठें दिसतें. ह्या कुळांत पंचवीस हजारांच्या आसपास जाति आहेत.

एकदांडी आपल्या माळाचीच वाटते खरी, परंतु तिचें मूळ घर अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश होय. (दसऱ्याच्या तोरणांतला झेंडूहि तिकडचाच, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें.) ती अवर्षणांत कशी टिकते? तिचें सोटमूळ खालीं उतरतें. खोड जमिनीला धरून पसरतें आणि पेऱ्यापेऱ्यांतून नवीं मुळें सोडतें. पानांवर राठ केस असतात. तथापि तिचें मोठें बळ बियांत आहे. काळसर बीं, आणि त्याच्या माथ्यावर पिसासारखा तुरा. कोरडा वारा सुटला कीं तें उडून वाटेच्या कडेला, भिंतीच्या भेगेंत, दगडांच्या खाणींत जाऊन पडतें. शिवाय तिला एकच असा हंगाम नाहीं. वर्षाचा बहुतेक काळ ती फुलत असते. एका पावसानें दगा दिला म्हणजे आपली बाजरी जाते, तिचें तसें होत नाहीं.

आतां औषधाविषयीं. विळ्यानें बोट कापलें म्हणजे हा पाला चोळून त्याचा रस जखमेंत पिळण्याची चाल गांवोगांवीं आहे. ती अगदींच निराधार नाहीं. उंदरांवर केलेल्या प्रयोगांत ह्या पाल्यानें जखम भरून येण्यास साह्य झाल्याचें आढळलें आहे. पण प्रयोगशाळेंतला अर्क निराळा आणि बांधावरचा पाला निराळा. हा पाला जमिनीला लागून वाढतो, गुरें त्यावरून जातात, आणि धनुर्वाताचे जंतु मातींत व शेणांतच राहतात. रसाबरोबर माती जखमेंत गेली तर हाताबरोबर जीवहि जाण्याचा संभव आहे. यास्तव जखम आधीं स्वच्छ पाण्यानें व साबणानें धुवावी, धुतलेलें फडकें बांधावें, आणि दवाखान्यांत जाऊन धनुर्वाताची लस घ्यावी. खिळा किंवा कांटा खोल गेला असेल तर ह्या पाल्याचें नांवच काढूं नये.

आणखी एक गोष्ट. गाजरगवत हेंहि ह्याच कुळांतलें व अमेरिकेंतलेंच; पुण्यांत त्याची नोंद १९५६ सालीं झाली. तें उभें वाढतें, कधीं छातीपर्यंतहि. पानें गाजराच्या पानांसारखीं कातरलेलीं, आणि फुलें बारीक, पांढरीं, फांद्याफांद्यांवर पुष्कळ. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगाला खाज सुटून चट्टे उठतात, कोणाला दमाहि लागतो. शाळेचें आवार साफ करावयाचें झाल्यास शिक्षकांनीं मुलांना आधीं ह्या दोन वनस्पति शेजारीं शेजारीं ठेवून दाखवाव्या. एकदांडी मुलांनीं खुशाल हातीं घ्यावी. गाजरगवत मात्र मोठ्या माणसांनीं, हातांना फडकें गुंडाळून, फुलावर येण्यापूर्वींच मुळासकट उपटावें.