लाखात तीन अणू कमी

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये काय चालतं ते सांगायला नको. एकच जर्नल दहा खोल्यांतून फिरतं आणि ज्याचं रीडिंग ग्राफवर बसत नाही, तो ते बसवतो. मीही बसवलंय. तिसऱ्या दशांशस्थळाने कुणाचं काय बिघडतं? मित्रांनो, ही गोष्ट त्या तिसऱ्या दशांशस्थळाचीच आहे.

एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. युरेनियमचे मुख्य दोन : जड २३८ आणि हलका २३५. साखळी प्रक्रिया चालते ती २३५ च्या जोरावर. कुठल्याही खाणीतलं युरेनियम घ्या, १ लाख अणूंमागे २३५ चे सुमारे ७२० अणू, म्हणजे ०.७२० टक्के.

हे मोजतात मास स्पेक्ट्रोमीटरवर. युरेनियमचं वायुरूप संयुग घ्यायचं, त्याचे आयन करायचे, विद्युतदाबाने पळवायचे आणि चुंबकीय क्षेत्रातून वळवायचे. हलका आयन जास्त वळतो, जड कमी. दोघे वेगवेगळ्या ठिकाणी पोचतात आणि त्यांच्या विद्युतप्रवाहांचं गुणोत्तर मिळतं. यंत्राची स्वतःची चूक असतेच. म्हणून प्रमाण ठाऊक असलेला नमुना आणि आपला नमुना आलटून पालटून मोजतात. चूक दोघांत सारखी, त्यामुळे तुलनेत ती कटून जाते.

१९७२ साली फ्रान्समधल्या पियेरलात इथे नेहमीच्या तपासणीत आकडा आला ०.७१७१ टक्के. हवा होता ०.७२०२. लाखात तीन अणू कमी! आपण काय केलं असतं? त्यांनी पुन्हा मोजलं, भेसळीची शंका तपासली आणि माग काढत आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातल्या ओक्लो खाणीपर्यंत पोचले. तिथल्या काही नमुन्यांत तर प्रमाण ०.४४ टक्क्यांपर्यंत उतरलेलं होतं.

मग गेला कुठे हा २३५? तो तिथेच, जमिनीखाली, 'जळला' होता. पुरावा दिला निओडिमियमने. त्याच्या समस्थानिकांचं ओक्लोतलं प्रमाण नेहमीच्या निओडिमियमसारखं नव्हतं. ते युरेनियम फुटून तयार होणाऱ्या निओडिमियमशी जुळत होतं.

हे शक्य कसं झालं? २३५ चं अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षं, २३८ चं सुमारे ४४७ कोटी. म्हणजे मागे जावं तसा २३५ चा वाटा वाढत जातो. सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी तो ३ टक्क्यांहून जास्त होता. त्यात खडकांत झिरपणाऱ्या पाण्याने न्यूट्रॉनचा वेग कमी केला आणि भट्टी आपोआप पेटली. थोडं वाढीव २३५ आणि साधं पाणी, हाच मेळ १९६९ साली सुरू झालेल्या आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांचा. अशी शक्यता पॉल कुरोदा यांनी १९५६ सालीच मांडली होती. ती खरी ठरली ती एका न बसणाऱ्या रीडिंगमुळे.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं तर खोडू नका. पुन्हा घ्या. तरीही तेच आलं, तर जसंच्या तसं लिहा आणि सरांना 'असं का?' म्हणून विचारा. बहुतेक वेळा वायरच सैल निघेल. पण तेही शोधल्याशिवाय कळत नाही.