कोपऱ्यावर चढलेला रफार

वीस हजार पाउच छापून आले आणि वीस हजारांवर आमचं नाव चुकलेलं होतं. सांगलीत आमचं घर गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. मी चकल्या, शंकरपाळ्या, चिरोटे, लाडू करून विकते. शाळेतून घरी जाणारी मुलं ‘कोपऱ्यावरचा खाऊ’ म्हणायची, तेच नाव आम्ही ठेवलं. पाउचवर छापून आलं ‘कोपर्यावरचा खाऊ’.

पटकन वाचलं तर फरक कळणार नाही. मलाही कळला नव्हता. पण ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ सह्याद्रीतल्या. स्वयंपाक करतात ते आचारी, त्यावरून होतं ‘आचाऱ्यांनी’. ‘आचार्यांनी’ लिहिलं तर भट्टीपुढून उठून थेट विद्यापीठात. उच्चार वेगळा, अर्थ वेगळा. मराठीत ‘ऱ्या’मधला हा कोयतीसारखा आडवा अर्धा र पावलोपावली लागतो: पुऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, व्यापाऱ्यांचा, शेतकऱ्यांचा. हिंदीत त्याची गरज पडत नाही, म्हणून फॉन्ट करणारा मराठीचा विचार करत नसेल तर हे अक्षर त्यात नसतंच.

आमच्या बाबतीत तेच झालं. मला गुबगुबीत, उड्या मारणारं अक्षर हवं होतं, कारण गिऱ्हाईक मुलं. डिझायनरने आधी एक इंग्रजी फॉन्ट पसंत केला, मग त्याला शोभेल असा देवनागरी फॉन्ट कुठूनतरी उतरवून घेतला. मी नाव व्हॉट्सअॅपवर बरोबर लिहून पाठवलं होतं. त्या फॉन्टमध्ये ‘ऱ्या’ टाकला की र सुटा पडायचा, त्याचा पाय मोडलेला दिसायचा. ते बरं दिसेना म्हणून त्याने रफार दिला आणि प्रूफ पाठवलं. मी ते फोनवर, दोन गिऱ्हाइकांच्या मधे पाहिलं. रंग सुरेख, अक्षरं गोंडस. नाव माझ्या तोंडात इतकं बसलेलं की डोळ्यांनी कागदावरचं वाचलंच नाही. ‘ओके’ लिहून मोकळी झाले.

चूक दाखवली ती नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी. पाउच हातात घेऊन त्यांनी विचारलं, “अगं, हे कोपर्या काय आहे?” त्या क्षणी पोटात जो खड्डा पडला तो अजून आठवतो.

पाउचची ही छपाई ग्रॅव्ह्युअरवर झाली होती. तिथे प्रत्येक रंगाचं सिलिंडर वेगळं कोरतात. आमच्या नावाला पिवळा रंग आणि लाल कड होती, म्हणजे एका रफारापायी दोन सिलिंडर नव्यानं कोरायची. स्टिकर छापले असते तर शंभरेक फेकून सुटले असते. नवीन धंदा असेल तर साध्या पाउचवर स्टिकर लावूनच सुरुवात करा, हे मी आता भेटेल त्याला सांगते. नाव, अक्षर, रंग यांवर सहा महिने गिऱ्हाइकाची नजर फिरू द्या, मग सिलिंडर.

एक चूक सापडली म्हणून बाकीचं नीट पाहायला बसलो, तर आणखी निघालं. पन्नास ग्रॅमच्या पाकिटावर नाव जेमतेम बोटाएवढं. जाड अक्षरांच्या पोटातली पोकळी शाईने बुजली होती. ‘ब’च्या पोटातली रेघ बुजली की त्याचा ‘व’ होतो, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक राहत नाही. ‘ख’चं तर विचारूच नका. खेळकर दिसावं म्हणून त्याचे दोन भाग इतके सुटे ठेवलेले, की पहिलीतला एक मुलगा ‘रवाऊ’ असं वाचत होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्यासमोर जे होतं ते तो वाचत होता. ज्या मुलांसाठी हे खेळकर अक्षर निवडलं, ती नुकती वाचायला शिकलेली असतात. त्यांना सगळ्यांत स्वच्छ अक्षर द्यायला हवं, हे मला आधी सुचायला हवं होतं.

ल आणि श यांचंही तसंच. राज्य सरकारने २००९ साली मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे. शाळेत मुलं तेच गिरवतात. आमच्या पाउचवर ‘लाडू’चा ल हिंदी वळणाचा होता. लाडू कळतो, पण घरचा वाटत नाही.

दुसऱ्या वेळी मी डिझायनर बदलला. नवीन मुलीने पहिला प्रश्न विचारला, “काकू, या फॉन्टचं लायसन्स कुठंय?” माझ्याकडे काहीच नव्हतं. तपासल्यावर कळलं, तो फक्त वैयक्तिक वापरापुरता फुकट होता. धंद्यासाठी पैसे भरून परवाना घ्यायचा असतो. म्हणजे नाव बरोबर छापलं असतं तरी ते दुसऱ्याच्या मेहनतीवर फुकट बसलेलं होतं. अक्षर करणाऱ्याला शेकडो जोडाक्षरं एकेक करून काढावी लागतात. चकलीचा सोऱ्या दिवसभर फिरवणाऱ्या बाईला अशा कामाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. ते माझ्या मनाला लागलं.

मग आम्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचे फॉन्ट पाहिले. ‘बालू’ आणि ‘मोदक’ हे दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यासाठी वापरले तरी चालतात. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला ‘मोदक’ बघताक्षणी आवडला. इतका जाड, की अक्षरांच्या पोटातली पोकळी रेघेएवढीच उरते. पण म्हणूनच तो दुकानाच्या पाटीवर शोभतो, पन्नास ग्रॅमच्या पाकिटावर नाही. पाकिटासाठी ‘बालू’ घेतला. तोही गोलमटोल, पण पोटात हवा खेळते आणि ‘ऱ्या’ सरळ येतो. शिवाय तो इतर भारतीय लिप्यांमध्येही आहे. कन्नडमधल्या त्याच्या भावाचं नाव ‘बालू तम्मा’. आमचा माल अथणी, चिकोडीकडे जातो, तिकडच्या स्टिकरला तो कामी आला.

पाटी करायची असेल तर आणखी एक. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही मराठी पाटी लावावी लागते, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान ठेवता येत नाही. म्हणून अक्षर निवडताना सुरुवात मराठीपासून करा. इंग्रजी त्याला जुळवून घ्या. आमच्या पहिल्या डिझायनरने उलटं केलं आणि तिथूनच सगळं बिघडलं.

फॉन्टच हवा असंही नाही. नाव दोन शब्दांचं असेल तर ते हाताने काढून घेता येतं. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशीच एकेक काढली, आणि नाटक कसं असेल ते अक्षरावरून कळायचं. गावात चांगला पेंटर असेल तर त्याला विचारा. मात्र त्याच्याकडूनही नाव आधी कागदावर लिहून घ्या आणि तपासा.

आणि खेळकर अक्षर नावापुरतं ठेवा. घटक पदार्थ, वजन, किंमत, तारीख साध्या अक्षरात. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलाची आई पाकीट उलटं करून काहीतरी शोधत असते, तिला तिथे उड्या मारणारी अक्षरं नकोत.

तुमचं नाव छापायला देण्याआधी एवढं करा. फॉन्टमध्ये नाव टाकाच, पण ‘पुऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘खमंग’, ‘शुद्ध’, ‘भट्टी’, ‘चॉकलेट’, ‘गूळ’ हेही टाकून बघा. जे सर्वांत लहान पाकीट असेल त्याच्या मापात कागदावर छापा, फोनवर पाहू नका. आणि तो कागद घरच्या कुणाला न देता, ज्याला तुमचं नाव माहीत नाही अशा माणसाच्या हातात द्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा.