एक आज्ञावली, तीन संगणक : साधनांची निवड आणि वापर

या स्मरणिकेसाठी संगणकक्षेत्रातील एखाद्या विषयावर अभ्यासपर लेख लिहावा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली आज संगणकाच्या व्यवसायात आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाकडे ना कोणाकडे गावाकडच्या एखाद्या संस्थेचा निरोप येतोच : "आमच्या नोंदी ठेवायला एक छोटेसे सॉफ्टवेअर करून द्या." असा निरोप मलाही आला होता. एका वसतिगृहाचे हजेरी, भोजन आणि शिष्यवृत्ती यांचे काम तीन संगणकांवर चालत असे. अधीक्षकांच्या टेबलावर विंडोज ७ असलेला जुना संगणक होता. ग्रंथालयात देणगीतून आलेले यंत्र होते. परवान्याचा खर्च नको म्हणून त्यावर लिनक्स बसविलेले होते. संस्थेच्या सचिवांकडे त्यांच्या मुलाने वापरून दिलेला मॅक होता. तिघांनाही नोंदवही मात्र एकच हवी होती.

वाचकांच्या मनात पहिली शंका येईल ती अशी की, हे सारे संकेतस्थळ म्हणून ब्राउझरमध्येच का करू नये? शंका योग्य आहे आणि पुष्कळदा तेच उत्तर बरोबर ठरते. येथे मात्र पावसाळ्यात इंटरनेट दोन-दोन दिवस बंद असे, संकेतस्थळाचे वार्षिक भाडे कोणी भरायचे याला उत्तर नव्हते, आणि मुलांच्या दाखल्यांच्या व आजारपणाच्या नोंदी वसतिगृहाबाहेर कोठेही ठेवू नयेत, असे अधीक्षकांचे ठाम मत होते. मला ते पटले. म्हणून आज्ञावली संगणकावरच बसवायची, पण ती तिन्ही ठिकाणी चालली पाहिजे, असे ठरले.

एका कार्यप्रणालीसाठी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमसाठी, लिहिलेली आज्ञावली दुसरीवर सहसा चालत नाही. बेरीज-वजाबाकी सर्वत्र सारखीच होते. फरक पडतो तो खिडकी उघडण्यात, बटण रंगविण्यात, फाइल शोधण्यात आणि अक्षर उमटविण्यात. ही कामे आज्ञावली कार्यप्रणालीकडून करवून घेते, आणि प्रत्येक कार्यप्रणालीला ती सांगण्याची रीत निराळी असते. ही अडचण जुनीच आहे. १९९० साली नॉर्वेमधील हावार्ड नोर्ड आणि आयरिक शांबे-एंग हे दोघे सोनोग्राफीच्या प्रतिमांच्या साठ्यासाठी आज्ञावली लिहीत होते. ती युनिक्स, मॅकिंटॉश आणि विंडोज या तिन्हींवर चालायला हवी होती. त्या गरजेतून क्यूटी हा साधनसंच घडला आणि १९९५ मध्ये लोकांसमोर आला. त्याआधी १९९२ मध्ये एडिनबरो विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी आज डब्ल्यूएक्सविजेट्स या नावाने ओळखला जाणारा संच सुरू केला होता, तोही एकच काम विंडोज आणि युनिक्स दोन्हींवर चालावे याच कारणासाठी. दोन्ही ठिकाणी अडलेले काम आधी आले आणि साधन मागाहून, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आज आपण बहुधा उलट्या क्रमाने जातो.

आजची साधने ढोबळमानाने तीन वाटांनी जातात. पहिल्या वाटेने जाणारे साधन कार्यप्रणालीच्याच खिडक्या आणि बटणे मागून घेते. डब्ल्यूएक्सविजेट्स या वाटेचे आहे. आज्ञावली त्या त्या संगणकावर घरची वाटते, पण तिन्ही ठिकाणी ती थोडी थोडी वेगळी दिसते. दुसऱ्या वाटेचे साधन कार्यप्रणालीकडून केवळ कोरी जागा घेते आणि बटणे स्वतःच रंगविते. जावाबरोबर १९९८ पासून येणारे स्विंग, क्यूटी आणि अलीकडचे फ्लटर ही या वाटेवरची नावे. तिसरी वाट ब्राउझरची. इलेक्ट्रॉन हा संच २०१३ मध्ये गिटहबने ॲटम या संपादकासाठी सुरू केला. आज व्हिज्युअल स्टुडिओ कोडही त्यावर चालते. यात आज्ञावली आपल्याबरोबर संपूर्ण क्रोमियम ब्राउझर घेऊन फिरते. संकेतस्थळे करणाऱ्या तरुणांना ही वाट सर्वांत सोपी, कारण नवे काहीच शिकावे लागत नाही. त्याची किंमत वापरणाऱ्याच्या संगणकाला मोजावी लागते : रिकामी खिडकी दाखविणारी आज्ञावलीसुद्धा शंभर एमबीच्या वर जाते, आणि दोन जीबी स्मृतीच्या संगणकावर ती उघडेपर्यंत अधीक्षक कागदी नोंदवही काढून बसतात. टॉरी हे साधन ब्राउझर बरोबर न नेता संगणकात असलेलाच वापरते. त्यामुळे ते हलके आहे, पण तिन्ही कार्यप्रणालींवरचे ते ब्राउझर वेगवेगळे असल्याने तिन्ही ठिकाणी तपासणी करण्याचे काम वाढते.

मी यांपैकी काहीच घेतले नाही. मी पायथनबरोबर फुकट मिळणारे टीकिंटर घेतले. मला ते येत होते, हे एकच त्याचे कारण. दुसरे कारण आज शोधूनही सापडत नाही. माझ्या विंडोज संगणकावर आठ दिवसांत नोंदवही तयार झाली आणि देखणीही दिसली. ती ग्रंथालयातील लिनक्सवर उघडली तेव्हा 'विद्यार्थी' हा शब्द मोडून पडला होता. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे गेलेली, जोडाक्षरे सुटी झालेली, रफाराच्या जागी पाय मोडलेला र.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणकात देवनागरी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठविलेला असतो. 'वि' लिहिताना आधी व आणि मग वेलांटी अशी नोंद होते, आणि पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसावी लागते. हा क्रम बदलणे, जोडाक्षर जुळविणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेणे हे काम अक्षरजुळणी करणारा एक स्वतंत्र भाग करतो. क्यूटी, जीटीके आणि क्रोमियम यांच्यात हे काम हार्फबझ करते. विंडोजवर टीकिंटरला ही सोय कार्यप्रणालीकडून आयती मिळते. लिनक्सवर, आम्ही वापरलेल्या आवृत्तीत, ती नव्हती. इंग्रजीत काम करणाऱ्याला हा दोष आयुष्यभर दिसणार नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, कोणतेही साधन निवडण्यापूर्वी 'विद्यार्थी', 'वऱ्हाडे', 'ज्ञानेश्वरी', 'ॲड.' आणि 'कुऱ्हाड' एवढे शब्द दाखविणारी एकच खिडकी तयार करावी आणि ती सर्व संगणकांवर उघडून पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे. मी ते केले असते तर आठ दिवस वाचले असते.

दुसऱ्या खेपेस क्यूटी घेतले, पायथनमधूनच. येथे अधीक्षकांच्या जुन्या संगणकाने निर्णय दिला. क्यूटीची सहावी पिढी विंडोज ७ वर चालत नाही, पाचवी चालते. पायथनचीही ३.८ ही त्या कार्यप्रणालीवर चालणारी शेवटची आवृत्ती. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून विंडोज ७ ची देखभाल थांबविली आहे, तेव्हा संगणक बदलणे हा उत्तम उपाय होता. पण तेवढ्या पैशात वसतिगृहाला बारा गाद्या हव्या होत्या. तो संगणक इंटरनेटपासून तोडून आम्ही जुन्या आवृत्त्यांवरच काम केले. परवान्याचाही विचार करावा लागतो. पायथनमधून क्यूटी वापरण्यासाठी पायक्यूटी आणि पायसाइड अशी दोन साधने आहेत. पहिल्याचा फुकट परवाना घेतला की ती आज्ञावली इतरांना देताना तिचे मूळ लेखनही त्याच अटींवर खुले करावे लागते. दुसऱ्याच्या अटी सैल आहेत. मी पायसाइड घेतले.

अक्षरे नीट दिसू लागली आणि मी निश्चिंत झालो. ती निश्चिंती एका मुलाला महागात पडली असती.

त्याचे आडनाव वऱ्हाडे. त्याची नोंद ग्रंथालयातील लिनक्सवर झाली होती. तेथे इन्स्क्रिप्ट कळफलक होता. अधीक्षकांकडे विंडोजवर उच्चारानुसार टंकायचा कळफलक होता. 'ऱ्ह' मधला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. शिष्यवृत्तीची यादी करताना अधीक्षकांनी कागदावरची आडनावे एकेक करून शोधली. वऱ्हाडे सापडले नाही, म्हणून मुलाने प्रवेश अर्ज पूर्ण केला नसावा असे समजून यादी पुढे गेली. मुलाची आई एसटीने दोन तासांचा प्रवास करून विचारायला आली, तेव्हा अधीक्षकांनी जुनी कागदी नोंदवही उघडली आणि मिनिटभरात नाव दाखविले. मुदत संपायला चार दिवस बाकी होते, म्हणून पुरवणी यादी देता आली. चूक अधीक्षकांची नव्हती, कळफलकाचीही नव्हती. एकच माहिती तीन कार्यप्रणालींवरून येणार हे ठाऊक असूनही मी ती जशी आली तशी साठविली होती.

उपाय फार अवघड नाही. नाव साठविताना आणि शोधताना, दोन्ही वेळा, ते आधी एका ठरावीक रूपात आणायचे. ऱ चे एकच रूप ठेवायचे. 'ॲ' हे अक्षरही दोन प्रकारे लिहिले जाते, एकसंध किंवा अ वर चंद्र देऊन. त्याचेही एकच करायचे. शब्दाच्या मागचे-पुढचे रिकामे अवकाश काढायचे. युनिकोडचे प्रमाण रूप करून देणारी सोय पायथनमध्ये आहे, पण ॲ आणि अदृश्य जोडचिन्ह यांचा प्रश्न ती सोडवीत नाही. तेवढे नियम आपल्यालाच लिहावे लागतात.

नावांच्या क्रमाचेही तसेच. युनिकोडमध्ये ळ हे ल च्या लगेच नंतर येते, तर आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते. म्हणून संगणकाने केलेल्या यादीत काळे, कावळे, कासारे असा क्रम लागतो आणि हजेरीपटावर कावळे, कासारे, काळे. कार्यप्रणालीकडे क्रम सोपविला तर तीन संगणकांवर एकच उत्तर येईल याचीही खात्री देता येत नाही, म्हणून वर्णक्रमाचा तक्ता मी आज्ञावलीतच ठेवला. क्ष आणि ज्ञ कोठे बसवावेत यावर अधीक्षकांशी एक संपूर्ण संध्याकाळ चर्चा झाली. शेवटी हजेरीपटाची रीत मानली आणि ते अखेरीस ठेवले.

बाकीच्या गोष्टी त्यामानाने रुक्ष आहेत, पण टाळता येणाऱ्या नाहीत. माहिती एसक्यूलाइटच्या एका फाइलीत ठेवली. ती फाइल तिन्ही कार्यप्रणालींवर जशीच्या तशी उघडते. मात्र जाळ्यावरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून अनेकांनी एकाच वेळी लिहिण्यासाठी ती नाही. म्हणून मूळ फाइल अधीक्षकांकडे राहते आणि ग्रंथालयातील नोंदी पेन ड्राइव्हने येतात. विंडोजला 'Photo' ऐवजी लहान लिपीतले 'photo' चालते, हे लिहितानाही मला रोमन अक्षरे वापरावी लागली असती तर बरे झाले असते. थोडक्यात, फाइलीच्या नावातील लहान-मोठी इंग्रजी अक्षरे विंडोज सारखीच मानते आणि लिनक्स मानत नाही. मुलांची निम्मी छायाचित्रे ग्रंथालयात दिसेनात, त्याचे कारण हेच निघाले. मजकुराची फाइल उघडताना यूटीएफ-८ असे दरवेळी स्पष्ट लिहावे, कारण विंडोजवरचे पायथन ते गृहीत धरीत नव्हते.

आज्ञावली बांधून देण्यासाठी पायइन्स्टॉलर वापरले. त्याविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो : विंडोजवर बसून मॅकसाठीची प्रत त्यातून निघत नाही. ज्या कार्यप्रणालीची प्रत हवी, त्याच कार्यप्रणालीवर ती बांधावी लागते. मॅकवर स्वाक्षरी नसलेली आज्ञावली उघडताना इशारा येतो. तो टाळायचा तर ॲपलचे ९९ डॉलर वार्षिक शुल्काचे सदस्यत्व घ्यावे लागते. एका मॅकसाठी तो खर्च व्यर्थ होता. सचिवांना परवानगी कशी द्यायची ते एकदा शेजारी बसून दाखविले.

शेवटी एक बटण केले, ज्याने संपूर्ण नोंदवही साध्या सीएसव्ही फाइलीत बाहेर पडते. उद्या मी नसेन, क्यूटीची ती आवृत्ती नसेल, तरी मुलांची माहिती कोणालाही उघडता यावी यासाठी ते होते. पहिल्या दिवशी ती फाइल एक्सेलमध्ये उघडली आणि मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसला. फाइलीच्या आरंभी यूटीएफ-८ ची खूण ठेवली की एक्सेल ती बरोबर वाचते. पायथनमध्ये त्यासाठी एका शब्दाचा फरक करावा लागला. आता अधीक्षक दर महिन्याच्या एक तारखेला ती यादी छापतात आणि पुठ्ठ्याच्या फाइलीत लावून ठेवतात. ती सवय मोडा, असे मी त्यांना सांगितलेले नाही.